चिंगमचा काळा ठिपका : पाण्याचा जोर नको, थोडी युक्ती हवी

शाळेच्या फाटकाबाहेर, बसथांब्याच्या शेडखाली, मशिदीच्या पायऱ्यांपुढे किंवा सोसायटीच्या चौकात खाली पाहत चालले, तर एक गोष्ट हमखास दिसते. जुन्या आठ आण्यांच्या नाण्याएवढे, काळपट, चपटे ठिपके. डांबराचे शिंतोडे उडाले असावेत, असे पहिल्यांदा वाटते. ते झाडूने जात नाहीत आणि बादलीभर पाणी ओतूनही हलत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने अंगावर घेऊन ते तिथेच बसून राहतात. हे ठिपके म्हणजे कुणीतरी चघळून टाकलेले चिंगम.

पानाच्या पिचकाऱ्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते आणि ते योग्यच आहे. चिंगमबद्दल मात्र कुणी फारसे बोलत नाही. त्याला लाल रंग नाही, दुर्गंधी नाही. शिवाय ते टाकणारे बहुधा कुणी परके नसतात, आपल्याच घरातली मुले असतात. म्हणून हा विषय घरात बोलायचा आहे आणि म्हणूनच तो या मासिकात मांडावासा वाटला.

आम्ही राहतो बोरिवलीच्या गोराईत. १९८५च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबईत जी नागरी विकास योजना सुरू झाली, तिच्यात चारकोप आणि गोराई इथे भूखंड आखून लोकांना देण्यात आले. बैठ्या घरांच्या लहान लहान सहकारी सोसायट्या आणि मधोमध मोकळा चौक, अशी ही वसाहत. घरे लहान असल्यामुळे चौकच सर्वांचा दिवाणखाना झाला. मुले तिथेच खेळतात, लग्नाचा मांडव तिथेच पडतो, ईदची गळाभेट तिथेच होते, गणपतीची आरतीही तिथेच होते. संध्याकाळी वयस्कर मंडळी तिथेच शतपावली घालतात. पूर्वी अशा चौकांत माती नाहीतर साधा कोबा असे. आता बहुतेक ठिकाणी सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसले आहेत, आणि ब्लॉक आले तसे ठिपकेही नजरेत भरू लागले.

आमच्या चौकासाठी सोसायटीने एकदा प्रेशर मशीनवाला बोलावला. मशीन घुं घुं करू लागले, पाण्याची धार सुटली आणि पाहता पाहता वर्षानुवर्षांचे शेवाळ व धूळ निघून चौक उजळला. मुले टाळ्या पिटू लागली. पण पाणी वाळल्यावर पाहिले तर चिंगमचे ठिपके जसेच्या तसे. उलट भोवतालचा ब्लॉक स्वच्छ झाल्यामुळे ते अधिकच काळे दिसत होते. कुणी तरी म्हणाले, "काका, जरा जोर वाढवा ना." मशीनवाल्याने नोझल बदलून बारीक धार एकेका ठिपक्यावर धरली. काही ठिपके फाटून अर्धे निघाले, पण ब्लॉकचा वरचा रंगीत थरही त्यांच्याबरोबर गेला आणि आतली खडी दिसू लागली. पुढच्या पावसात त्या भागातले काही ब्लॉक पायाखाली डुगडुगू लागले. त्यांच्या सांध्यांतली रेती धारेबरोबर वाहून गेली होती.

मशीनवाल्याची मेहनत कमी पडली नव्हती. चुकीचा होता तो समज, की जोर लावला की कोणतीही घाण निघते. चिंगमचा स्वभाव समजून घेतला, तर हे काम कमी पाण्यात, कमी खर्चात आणि ब्लॉकला धक्का न लावता होते.

चिंगम म्हणजे नेमके काय?

कच्चा चिकू चिरला, की सुरीला पांढरा चीक लागतो. आपल्या डहाणू-घोलवडच्या बागांत जो चिकू पिकतो, त्या झाडाचे मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत आहे. तिथले लोक त्याच्या खोडाला चिरा पाडून चीक गोळा करत, तो आटवून त्याचा गोळा बनवत आणि चघळत. एकोणिसाव्या शतकात हा चीक न्यूयॉर्कच्या थॉमस अॅडम्स यांच्या हाती आला. त्यातून रबर बनवावे, असा त्यांचा प्रयत्न होता. तो फसला, तेव्हा त्यांनी त्याचे चिंगम करून विकायला सुरुवात केली आणि १८७१मध्ये चिंगम बनवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. म्हणजे चिंगमचा जन्मच रबराच्या नादात झाला!

चघळण्याची सवय त्याहून जुनी आहे. युनानी दवाखान्यात मिळणारी रूमी मस्तगी हा एका झाडाचा राळेसारखा डिंक. भूमध्य समुद्राच्या परिसरात आणि अरब देशांत तो कित्येक शतकांपासून तोंडाचा वास जावा म्हणून चघळला जातो. पण आज दुकानात एक-दोन रुपयांना मिळणारे चिंगम चिकूचेही नसते आणि मस्तगीचेही नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखानदारांनी झाडाचा चीक बाजूला ठेवून पेट्रोलियमपासून बनणारे पदार्थ वापरायला सुरुवात केली. टायरच्या ट्यूबमध्ये वापरतात त्या जातीचे रबर आणि सुताराच्या पांढऱ्या डिंकात असते त्या जातीचे रसायन, असे पदार्थ चिंगमच्या पायात असतात. साखर, रंग आणि वास तोंडात विरघळून जातात. मागे उरतो तो हा रबरी गोळा. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून तर तासभर चघळूनही संपत नाही. जी वस्तू तोंडातल्या लाळेत विरघळत नाही, ती नळाच्या पाण्यात कशी विरघळेल?

तो सहज कुजतही नाही. केळीची साल उकिरड्यावर काही आठवड्यांत माती होते. रस्त्यावरचे चिंगम वर्षानुवर्षे तसेच राहते.

पाण्याचा जोर का हरतो?

मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण २ बार असतो. घरगुती प्रेशर मशीन १०० ते १३० बार दाबाने पाणी फेकते. एवढ्या दाबाने माती, शेवाळ, चुना सगळे उडते, कारण या गोष्टी वरवर बसलेल्या किंवा ठिसूळ असतात. चिंगमचे तसे नसते. तोंडातून पडते तेव्हा ते मऊ आणि कोमट असते. त्यावर पाय पडतात, सायकलची चाके जातात आणि ते सिमेंटच्या बारीक छिद्रांत दाबले जाते. ब्लॉक डोळ्यांना गुळगुळीत दिसला, तरी तो आतून भाकरीसारखा सच्छिद्र असतो. पुढे धूळ, चपलांचा मळ आणि गाड्यांची काजळी चिकटून ठिपका काळा होतो. या रबरावर गार पाण्याची धार मारली, की ते दबते आणि पुन्हा जागेवर येते. रबर लवचिक आणि सिमेंट ठिसूळ. त्यामुळे जोर वाढवत नेला, तर आधी हार मानतो तो ब्लॉक.

म्हणून या कामात मशीनची पाळी सर्वांत शेवटी येते. आधी दोनच हत्यारे चालतात, थंडी आणि उष्णता. खूप थंड झाले, की रबर कडक होऊन तुटते. खूप तापले, की मऊ होऊन पकड सोडते. मधल्या तापमानात ते हट्टी असते आणि मुंबईची हवा बाराही महिने नेमकी त्या मधल्या तापमानाची! एप्रिल-मेच्या दुपारी तर लादी इतकी तापते, की खरवडायला जावे तर चिंगमची तार निघते आणि डाग पसरतो. त्यामुळे खरवडण्याचे काम पहाटे किंवा सकाळी लवकर करावे. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी सर्वांत चांगल्या.

काम कसे करायचे?

साहित्य घरातलेच आहे. रंगारी पुट्टी भरायला वापरतात ती पातळ पत्र्याची पट्टी, नायलॉनचा ताठ ब्रश, सुपली, किटलीभर उकळते पाणी, बर्फ आणि भांडी घासायचा साबण. मशीन असेल तर उत्तम, नसले तरी काम अडत नाही.

पहिली पायरी झाडलोटीची. चौक कोरडाच झाडून घ्यावा. मग मुलांच्या हाती खडू द्यावा आणि प्रत्येक ठिपक्याभोवती गोल काढायला सांगावे. किती काम आहे ते कळते आणि एकही ठिपका नजरेतून सुटत नाही. मुलांना डोळ्यांसमोर हिशेबही दिसतो. त्याचा फायदा पुढे सांगू.

दुसरी पायरी ताज्या डागांची. जो ठिपका अजून गुलाबी किंवा पांढरट आहे आणि बोटाला किंचित चिकटतो, त्याच्यासाठी बर्फ. कुल्फीवाला मटक्यात बर्फाबरोबर खडे मीठ घालतो, ते बर्फाचे तापमान आणखी खाली यावे म्हणून. तीच युक्ती इथे वापरावी. जाड प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचा चुरा आणि मूठभर मीठ घालून तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी ठिपक्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ पिशवीतच राहू द्यावे, सिमेंटवर सांडू नये. मग पट्टी जवळजवळ आडवी धरून एका झटक्यात खालून सारावी. ठिपका बटणासारखा सुटून येतो. डांबरी रस्त्यावर हाच एक मार्ग योग्य, कारण उष्णतेने चिंगमच्या आधी डांबरच मऊ होते.

तिसरी पायरी जुन्या, काळ्या डागांची. हे बर्फाने पुरते निघत नाहीत, कारण त्यांची मुळे छिद्रांत गेलेली असतात. यांना उष्णता हवी. आधी वरचा थर कोरडाच खरवडून काढावा. मग उरलेल्या ठिपक्यावर थोडे उकळते पाणी बारीक धारेने ओतावे, मिनिटभर थांबावे, पुन्हा थोडे ओतावे आणि गरम असतानाच पट्टीने खरवडावे. पाणी निवले की रबर पुन्हा पकड घेते, म्हणून एका वेळी दोन-तीन ठिपक्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत. कुणाकडे वाफेने फरशी पुसायचे यंत्र असेल, तर त्याची वाफ एकाच ठिकाणी २०-३० सेकंद धरावी. उकळते पाणी हाताळायचे काम मोठ्यांनीच करावे आणि पायात बंद बूट असावेत.

चौथी पायरी अनेक जण विसरतात. खरवडलेला चुरा लगेच सुपलीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकावा. तो तसाच ठेवून वर पाणी मारले, तर तोच चुरा ब्लॉकच्या सांध्यांत किंवा गटारात जाऊन बसतो.

पाचवी पायरी उरलेल्या छायेची. ठिपका गेला तरी तेलकट, काळसर सावली मागे राहते. भांड्यांचा साबण आणि खाण्याचा सोडा यांचा घट्ट लगदा तिच्यावर पसरावा, दहा मिनिटांनी गरम पाणी शिंपडावे आणि नायलॉनच्या ब्रशने गोल गोल घासावे.

इथे एक गोष्ट कोकणातल्या घरांना पटेल. फणस फोडताना आपल्या दादी-नानी विळीला आणि हाताला तेल लावतात, कारण चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. मुलाच्या केसांत चिंगम अडकले, तर कात्री लावण्याआधी खोबरेल तेल चोळून पाहावे, ते हळूहळू सुटते. बाजारात चिंगम काढायची जी द्रावणे मिळतात, त्यांतल्या अनेकांत संत्र्याच्या सालीचे तेल असते, त्यामागचे कारणही हेच. पण सिमेंटवर तेलाचा प्रयोग सांभाळून करावा. तेल छिद्रांत मुरते, स्वतःचा डाग पाडते आणि वाट निसरडी करते. फारच हट्टी डाग असेल, तर चिंधीवर दोन-चार थेंब घेऊन चोळावे आणि लगेच साबणाने धुऊन टाकावे.

सर्वांत शेवटी मशीन. आता त्याला ठिपक्यांशी झुंजायचे नाही, फक्त धुवायचे आहे. नोझलचे रंग ठरलेले असतात. लाल नोझल म्हणजे सुईसारखी सरळ धार. ती ब्लॉकवर कधीही वापरू नये. हिरवे नोझल २५ अंशांत पसरणारी धार देते, ते योग्य. पांढरे ४० अंशांचे, ते आणखी सौम्य. नोझल जमिनीपासून वीतभर तरी वर धरावे, तिरके ठेवावे आणि एका जागी न थांबता सारखे हलवत राहावे. धार सांध्यांच्या रेषेत न मारता सांध्यांना आडवी मारावी. चौक वाळल्यावर बारीक कोरडी रेती पसरून झाडूने सांध्यांत भरावी. सांधे भरण्याचे हे काम टाळले, की पावसाळ्यात ब्लॉक डुगडुगतात, खाली पाणी साचते आणि काठी टेकत चालणाऱ्या आजी-आजोबांचा पाय नेमका तिथेच अडखळतो.

मोठे आवार असेल आणि पैसे देऊनच काम करून घ्यायचे असेल, तर मशीनवाल्याला एकच प्रश्न विचारावा, "पाणी गरम येते का?" डिझेलच्या बर्नरवर पाणी तापवणारी मशीने मिळतात. ८०-९० अंशांचे पाणी कमी दाबात जे करते, ते गार पाणी दुप्पट दाबानेही करू शकत नाही.

काय करू नये?

पहिले म्हणजे अॅसिड. संडास साफ करायचे अॅसिड ओतले, की फेस येतो आणि काहीतरी निघते आहे असे वाटते. निघत असते ते सिमेंट. अॅसिड सिमेंटमधला चुना खाते, रबराला त्याचे काहीच होत नाही. डाग तिथेच राहतो आणि भोवती खड्डा पडतो. त्यातच कुणी ब्लीचिंग पावडर टाकली, तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. हे दोन पदार्थ घरात कुठेही, कधीही एकत्र करू नयेत.

दुसरे म्हणजे रॉकेल, पेट्रोल आणि थिनर. यांनी चिंगम विरघळते खरे, पण पातळ होऊन आणखी खोल मुरते. आगीचा धोका वेगळा. तिसरे, तारेचा ब्रश. त्याचे बारीक तुकडे ब्लॉकमध्ये अडकून गंजतात आणि काळ्या डागाच्या जागी तांबडे डाग येतात. कोटा किंवा गुळगुळीत लादीवर तर पत्र्याची पट्टीही नको, प्लास्टिकची घ्यावी, नाहीतर ओरखडे पडतात.

चौथी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. मशीनची धार कातडी फोडून आत शिरू शकते. अशी जखम वरून टाचणीएवढी दिसते, पण आत घाण गेलेली असते. घरी मलम लावून बसू नये, ताबडतोब रुग्णालयात जावे. अनेकदा मशीन चालवणारा माणूस रबरी चपलेत उभा असतो आणि भोवती मुले पाण्यात नाचत असतात. त्याच्यासाठी बूट आणि चष्मा मागवणे ही काम देणाऱ्याचीही जबाबदारी आहे. मुलांना दूर ठेवावे. वायरचा जोड पाण्यात पडू देऊ नये. प्लग तीन पिनांचा असावा आणि अर्थिंग नीट आहे ना, हे पाहूनच मशीन सुरू करावे.

पाणी येते कुठून आणि जाते कुठे?

घरगुती मशीन मिनिटाला साधारण ७ लिटर पाणी घेते. चौकात ४० ठिपके आहेत आणि एकेकावर पाच मिनिटे धार धरली, तर २०० मिनिटांत १४०० लिटर पाणी जाते आणि ठिपके राहतातच. तेच ठिपके आधी हाताने काढले, तर अर्ध्या तासाच्या धुण्यात २१० लिटरमध्ये चौक लख्ख होतो. वुजूच्या पाण्यातही इसराफ नको, हे लहानपणापासून शिकत आलेल्या आपल्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. पिण्याचे पाणी तर यासाठी वापरूच नये. बोअरचे पाणी वापरावे. मात्र खाडीजवळ ते खारट असेल, तर काम झाल्यावर मशीनमधून थोडे गोडे पाणी सोडावे, नाहीतर पंप गंजतो.

आणि हे पाणी जाते कुठे? मुंबईत सांडपाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि पावसाच्या पाण्याची गटारे वेगळी. चौकातले आणि फुटपाथवरचे पाणी पावसाच्या गटारात जाते आणि तिथून कुठेही शुद्ध न होता नाल्यावाटे खाडीत. आपल्यासाठी ती खाडी म्हणजे गोराईची खाडी. तिच्या एका काठाला बोरिवलीची वस्ती, पलीकडे गोराई गाव आणि दोन्हीकडे तिवरांची झाडे. तिवरे तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली आहे, पण त्यांच्या मुळांशी आपण गटारातून काय पाठवतो, हे पाहायला न्यायालय येणार नाही. ज्या दिवशी आपण अॅसिड, थिनर आणि चिंगमचा चुरा गटारात सोडतो, त्या दिवशी चौक स्वच्छ होतो आणि खाडी तेवढीच घाण होते. घाण नाहीशी झालेली नसते, तिचा फक्त पत्ता बदलतो. गोराईकरांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. खाडीकाठी कितीतरी वर्षे शहराचा कचरा पडत होता आणि ते डम्पिंग ग्राउंड बंद करून मातीखाली झाकायला महापालिकेला मोठा खटाटोप करावा लागला.

इतरांनी काय केले?

सिंगापूरने १९९२मध्ये चिंगमच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदीच घातली. पुढे २००४पासून दात आणि औषधोपचारासाठीच्या काही चिंगमना तिथे सूट मिळाली, बाकी बंदी कायम आहे. ब्रिटनमध्ये वेगळा मार्ग निवडला गेला. चिंगम बनवणाऱ्या कंपन्यांनीच पैसे द्यायचे आणि त्यातून नगरपालिकांनी रस्ते साफ करायचे, अशी योजना तिथे २०२१मध्ये सुरू झाली.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात एका बाजाराच्या गल्लीत भिंतीवर चिंगम चिकटवण्याची लोकांना चटक लागली आणि ती भिंत प्रवाशांचे आकर्षण बनली. विटांचे नुकसान होऊ लागले, तेव्हा नोव्हेंबर २०१५मध्ये वीस वर्षांत पहिल्यांदा ती साफ करण्यात आली. वापरली ती वाफ. सुमारे १३० तासांच्या कामातून एक हजार किलोहून अधिक चिंगम निघाले. आणि मग? भिंत साफ होताच लोकांनी पुन्हा चिंगम चिकटवायला सुरुवात केली.

आपल्याकडे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या २००६च्या स्वच्छता उपविधींत सार्वजनिक जागी थुंकण्याबद्दल २०० रुपये दंड ठेवला गेला. दंडाची भीती दंड करणारा दिसेपर्यंत टिकते. आपल्या चौकात तर तो येतच नाही. तिथे फक्त घरचे वळण उपयोगी पडते.

मुलांशी कसे बोलावे?

मुलांना शिकवताना आमचा एक अनुभव आहे. "टाकू नका" हे वाक्य मुले ऐकतात आणि विसरतात. पण स्वतःच्या हाताने एक ठिपका काढायला लावला, तर ते विसरत नाहीत. चघळायला दहा मिनिटे, टाकायला एक क्षण आणि काढायला? बर्फासाठी पंधरा मिनिटे, खरवडायला पाच, घासायला दहा. हे गणित पाटीवर मांडून दाखवावे लागत नाही, गुडघे टेकून बसले की आपोआप कळते. खडूने गोल काढण्याचा फायदा हाच. आज ४० गोल आहेत. पुढच्या महिन्यात त्याच मुलांना मोजायला सांगावे. आकडा वाढला की कमी झाला, ते त्यांचे त्यांनाच दिसेल.

चिंगमवर घरात बंदी घालायची की नाही, हे प्रत्येक घराने ठरवावे. पण चघळण्याआधी एक अट घालता येते. वेष्टनाचा कागद फेकायचा नाही, खिशात ठेवायचा. चघळून झाले की त्याच कागदात गुंडाळून डब्यात टाकायचे. मुलांचे कपडे धुताना खिशात असा गुंडाळलेला कागद सापडला, तर आयांनी रागावण्याऐवजी शाबासकी द्यावी. बाकाखाली, जिन्याच्या कठड्याला किंवा रिक्षाच्या सीटला चिकटवणे हेही रस्त्यावर टाकण्यासारखेच, हे मुलांना स्पष्ट सांगावे. मोठ्यांनीही पान, सुपारी आणि मावा तोंडात धरून मुलांना चिंगमवर व्याख्यान देऊ नये. मुले आपल्या बोलण्यापेक्षा आपल्या तोंडाकडे जास्त पाहतात.

वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हीसुद्धा ईमानाची एक शाखा आहे, हे आपण मुलांना मदरशात शिकवतो. मुलांच्या डोळ्यांसमोर तेव्हा काटा किंवा दगड येतो. आजच्या शहरात त्या काट्याने चिंगमचे रूप घेतले आहे. ते वाटेवर पडते तेव्हा ज्याचा पाय त्यावर पडेल, तो कोणत्या धर्माचा आहे हे पाहत नाही. आणि शेवटी ते खरवडायला वाकतो तो बहुधा कुणीतरी सफाई कामगार, ज्याने ते कधी चघळलेले नसते.

म्हणून यंदा ईदच्या आधी किंवा दिवाळीच्या साफसफाईत आपल्या सोसायटीत मशीनवाल्याला बोलावण्याचा विषय निघेल, तेव्हा एक रविवार मागून घ्यावा. सगळ्या घरांतून एकेक माणूस, चार पट्ट्या, दोन किटल्या, बर्फाच्या चार पिशव्या आणि खडू. सकाळी फजरनंतर ऊन चढायच्या आत दोन तासांत एक चौक होतो. ठिपके आधी हातांनी काढावेत, चुरा डब्यात टाकावा, मग पाण्याची सौम्य धार फिरवावी आणि सांध्यांत रेती भरावी. आणि चौकात एक झाकणाचा डबा मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर टांगायला विसरू नये.